भिन्नच्छेद पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची बेरीज: आधी तुकड्यांचं नाव एक करा

अडीच आणि सव्वातीन मिळून किती? बहुतेक मराठी माणसं कागद न घेता सांगतील, पावणेसहा. दीड आणि पाऊण? सव्वादोन. हीच गणितं वहीत अशी लिहिली की मात्र चेहरे पडतात:

२ पूर्णांक १/२ + ३ पूर्णांक १/४ = ?
१ पूर्णांक १/२ + ३/४ = ?

गणित तेच आहे. तोंडी करताना तुम्ही काय केलंत ते जरा सावकाश आठवून पाहा. अडीच आणि सव्वातीनमधले दोन आणि तीन एकत्र केले, पाच झाले. मग उरला एक अर्धा आणि एक पाव. अर्ध्याकडे तुम्ही ‘दोन पाव’ म्हणून पाहिलंत. दोन पाव आणि एक पाव म्हणजे तीन पाव, म्हणजे पाऊण. पाच आणि पाऊण, पावणेसहा. या लेखात पुढे जे काही आहे ते एवढंच आहे. भाषेतले तयार शब्द पाव, अर्धा, पाऊण इथपर्यंत साथ देतात. तृतीयांश, सप्तमांश, पंधरावा भाग असं काही आलं की तीच कृती कागदावर करावी लागते.

आधी लिहिण्याबद्दल एक खुलासा. वहीत आपण पूर्णांक मोठा लिहितो आणि त्याच्या शेजारी अंश वर, छेद खाली असा अपूर्णांक मांडतो. इथे ओळीत लिहायचं असल्याने मी ‘२ पूर्णांक ३/४’ असं लिहिते आहे. वाचताना ‘दोन पूर्णांक तीन छेद चार’.

शेजारी शेजारी लिहिलं म्हणजे बेरीज

२ पूर्णांक ३/४ याचा अर्थ २ + ३/४. मधलं अधिक चिन्ह लिहायची पद्धत नाही, पण ते तिथे आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढच्या इयत्तांमध्ये अक्षरं आली की शेजारी शेजारी लिहिणं म्हणजे गुणाकार होतो आणि मग काही जण २ पूर्णांक ३/४ म्हणजे दोन गुणिले तीन चतुर्थांश असं धरून चालतात. तसं असतं तर उत्तर दीड आलं असतं. आपली संख्या पावणेतीन आहे.

हे लपलेलं अधिक चिन्ह दिसलं की अर्धं काम होतं. दोन पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची बेरीज म्हणजे खरं तर चार संख्यांची बेरीज: दोन पूर्णांक आणि दोन अपूर्णांक. बेरीज कोणत्याही क्रमाने केली तरी चालते, म्हणून पूर्णांक पूर्णांकांत आणि अपूर्णांक अपूर्णांकांत मिळवायचे. पूर्णांकांचं काम सोपं असतं. खरी मेहनत अपूर्णांकांची.

छेद का मिळवायचे नाहीत

नव्याने शिकणाऱ्यांच्या वह्यांमध्ये मला सर्वांत जास्त दिसलेली चूक ही:

१/२ + १/३ = २/५

वर एक अधिक एक दोन, खाली दोन अधिक तीन पाच. मांडणी पाहिली तर करणाऱ्याचा दोष वाटत नाही, कारण वर-खाली संख्या दिसल्या की मिळवायच्या हे हाताला शिकवलेलंच असतं. अशा वेळी मी ‘चूक’ म्हणून फुली मारत नाही. एवढंच विचारते: अर्ध्यात काहीतरी मिळवलं, मग उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं हवं की लहान? मोठं. आणि २/५ अर्ध्यापेक्षा मोठा आहे का? पाचाचं अर्ध अडीच, इथे तर दोनच भाग आहेत. म्हणजे मिळवूनही कमी झालं. हे विद्यार्थ्याला स्वतःला दिसलं की ती चूक सहसा परत होत नाही.

छेद ही मोजायची संख्या नाही, ते तुकड्याचं नाव आहे. ३/४ मधला ४ सांगतो की एका पूर्णाचे चार सारखे भाग केले आणि त्यातला एकेक भाग हा आपला तुकडा. ३ सांगतो की असे तुकडे किती घेतले. तीन मिनिटं आणि दोन तास मिळून पाच होत नाहीत. पाच काय, हे सांगता येत नाही. तासांची मिनिटं केली की मिळवता येतं. अपूर्णांकांतही तेच. तुकड्यांचं नाव वेगळं असेल तर आधी ते एक करायचं, म्हणजे छेद समान करायचे, आणि मग फक्त अंश मिळवायचे. नाव तेच राहतं.

पहिलं गणित, एकेक पायरीने

२ पूर्णांक १/३ + ४ पूर्णांक २/५

पायरी शून्य: अंदाज. दोन आणि चार सहा. १/३ अर्ध्यापेक्षा कमी, २/५ सुद्धा अर्ध्यापेक्षा कमी. म्हणजे दोन्ही मिळून एक पूर्ण होणार नाही. उत्तर ६ आणि ७ च्या मध्ये कुठेतरी. ही पायरी कुठल्याही उत्तरपत्रिकेत लिहावी लागत नाही, म्हणून जवळजवळ सगळे ती गाळतात. कृपा करून गाळू नका. पुढच्या निम्म्या चुका हीच पकडून देते.

पायरी एक: पूर्णांक मिळवा. २ + ४ = ६. हे बाजूला लिहून ठेवा.

पायरी दोन: समान छेद शोधा. ३ आणि ५ या दोघांनीही भाग जाईल अशी सर्वांत लहान संख्या, म्हणजे त्यांचा लसावि, १५.

पायरी तीन: दोन्ही अपूर्णांक पंधराव्या भागांत लिहा. ३ ला ५ ने गुणलं की १५ होतात, म्हणून अंशालाही ५ ने गुणायचं: १/३ = ५/१५. तसंच ५ ला ३ ने गुणलं, अंशालाही ३ ने: २/५ = ६/१५.

पायरी चार: अंश मिळवा. ५/१५ + ६/१५ = ११/१५.

पायरी पाच: बाजूला ठेवलेला पूर्णांक परत आणा. उत्तर ६ पूर्णांक ११/१५. अंदाजाप्रमाणे ६ आणि ७ च्या मध्ये.

तिसऱ्या पायरीत छेद बदलून अंश तसाच ठेवणं ही दुसरी मोठी चूक. १/३ चं घाईत १/१५ होतं. तुकडे पाचपट बारीक केले, तर ते पाचपट जास्त घ्यायला नकोत का? म्हणून खाली ज्याने गुणलं त्यानेच वर गुणायचं. १/३ आणि ५/१५ ही एकाच भागाची दोन नावं आहेत, अशा जोडीला सममूल्य अपूर्णांक म्हणतात.

लसावि पटकन कसा काढायचा

लहान छेदांसाठी माझी नेहमीची रीत अशी: मोठ्या छेदाचा पाढा म्हणत जायचं आणि लहान छेदाने भाग जाईल तिथे थांबायचं. छेद ६ आणि ८ असतील तर आठाचा पाढा: ८ ला सहाने भाग जात नाही, १६ ला नाही, २४ ला जातो. लसावि २४. छेद ४ आणि १२ असतील तर पहिल्याच पावलावर थांबतो, कारण १२ ला ४ ने भाग जातोच. तिथे १२ हाच समान छेद, आणि एकच अपूर्णांक बदलायचा.

दोन छेदांचा सरळ गुणाकार घेतला तर चालतं का? चालतं. ६ × ८ = ४८ घेऊनही उत्तर बरोबरच येतं, फक्त संख्या मोठ्या होतात आणि शेवटी भाग लावून लहान करत बसावं लागतं. ३ आणि ५ सारख्या छेदांना १ खेरीज कोणत्याच संख्येने एकत्र भाग जात नाही, त्यामुळे तिथे गुणाकार हाच लसावि.

मला स्वतःला सर्वांत आवडते ती रीत जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त छेद समान करायच्या दोन वाटा दिल्या आहेत. पहिली, दोन्ही अपूर्णांकांच्या अंश-छेदांना एकमेकांच्या छेदाने गुणायचं. दुसरी, छेदांना आधी सामाईक विभाजकाने भागून लहान करायचं आणि मग त्या लहान झालेल्या संख्यांनी एकमेकांना गुणायचं. दुसरी वाट ५/६ आणि ३/८ वर चालवून पाहू. ६ आणि ८ दोघांनाही २ ने भाग जातो. उरतात ३ आणि ४. आता अदलाबदल: ५/६ च्या वर-खाली ४ ने गुणा, २०/२४. ३/८ च्या वर-खाली ३ ने गुणा, ९/२४. लसावि वेगळा काढावाच लागला नाही, आपोआप आला. एकच अट: सामाईक विभाजक जितका मोठा मिळेल तितका घ्यायचा, म्हणजे मसावि. लहान घेतलात तरी उत्तर चुकत नाही, समान छेद तेवढा मोठा येतो.

हातचा दहाचा नाही

आता ज्या गणितात खरी गोची होते ते.

३ पूर्णांक ५/६ + २ पूर्णांक ३/८

अंदाज: ५/६ जवळजवळ एक, ३/८ अर्ध्याच्या थोडा अलीकडे. म्हणजे अपूर्णांकांतूनच एक पूर्ण निघणार. ३ + २ = ५, त्यात एक आणि वर थोडं. उत्तर सहाच्या जरा पुढे.

समान छेद वर काढलाच: २०/२४ + ९/२४ = २९/२४.

इथे बरेच जण थांबतात आणि ‘५ पूर्णांक २९/२४’ लिहितात. संख्या म्हणून ते चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. २९/२४ मध्ये अंश छेदापेक्षा मोठा आहे, त्याला अंशाधिक अपूर्णांक म्हणतात. चोवीस चोविसाव्या भागांचा एक पूर्ण होतो, तो काढून पूर्णांकांत टाकायचा: २९ − २४ = ५. म्हणून २९/२४ = १ पूर्णांक ५/२४. पाच आणि हातचा एक, सहा. उत्तर ६ पूर्णांक ५/२४.

एका मुलीच्या वहीत मी याच गणिताचं उत्तर ‘७ पूर्णांक ९/२४’ असं पाहिलं. कुठून आलं ते मला बराच वेळ कळेना. मग तिने स्वतः सांगितलं: वीस अधिक नऊ एकोणतीस, नऊ खाली, हातचे दोन, पाच आणि दोन सात. नेहमीच्या बेरजेची सवय किती खोल असते ते तेव्हा मला समजलं. साध्या बेरजेत दहा एककांचा एक दशक होतो, म्हणून तिथे दहाचा हातचा. इथे चोवीस तुकड्यांचा एक पूर्ण होतो, म्हणून इथे चोविसाचा हातचा. मिनिटांत साठाचा असतो: ४० मिनिटं आणि ३५ मिनिटं मिळून ७५, म्हणजे एक तास पंधरा मिनिटं. प्रत्येक गणितात हातचा कितीचा हे छेद सांगतो.

तिला पटलं ते चौकटींच्या कागदावर. तुम्हीही करून पाहा, दहा मिनिटांचं काम आहे. चोवीस चौकटींची एक आडवी पट्टी आखा, ती म्हणजे एक पूर्ण. तिचे सहा सारखे भाग करा, प्रत्येक भागात चार चौकटी येतील. पाच भाग रंगवा: वीस चौकटी. खाली तेवढीच दुसरी पट्टी आखा, तिचे आठ भाग करा, प्रत्येकात तीन चौकटी, आणि तीन भाग रंगवा: नऊ चौकटी. आता खालच्या पट्टीतल्या चार चौकटी वरच्या पट्टीतल्या मोकळ्या चार जागांत भरा. वरची पट्टी पूर्ण भरली, हाच तो हातचा एक. खाली राहिल्या पाच चौकटी, ५/२४. तिने त्या पाच चौकटी पेन्सिलीच्या टोकाने दोनदा मोजल्या आणि मग वहीतलं उत्तर स्वतःच खोडलं.

लसावि घेतला तरी शेवटी भाग लावून बघा

‘सर्वांत लहान छेद घेतला म्हणजे उत्तर आपोआप अतिसंक्षिप्त येतं’ असा एक समज आहे. तसं नेहमी होत नाही.

१ पूर्णांक १/६ + ३ पूर्णांक ३/१०

पूर्णांक ४. लसावि ३०. ५/३० + ९/३० = १४/३०. चौदा आणि तीस दोघांनाही २ ने भाग जातो, म्हणून ७/१५. उत्तर ४ पूर्णांक ७/१५. म्हणजे शेवटी अंश आणि छेद यांना एकत्र भाग जातो का हे प्रत्येक वेळी पाहायचंच.

हीच नजर सुरुवातीलाही उपयोगी पडते. २ पूर्णांक ३/४ + १ पूर्णांक २/८ या गणितात लगेच आठ हा छेद घेऊ नका. २/८ म्हणजे १/४. मग ३/४ + १/४ = १, आणि उत्तर थेट ४. अपूर्णांक संपला तर ‘४ पूर्णांक ०/४’ असं लिहायचं कारण नाही, नुसते ४ लिहा.

दुसरी रीत: सगळं अंशाधिक करून

पुष्कळ ठिकाणी आधी पूर्णांकयुक्त अपूर्णांक अंशाधिक करायला शिकवतात. पूर्णांकाला छेदाने गुणायचं आणि अंश मिळवायचा: ३ पूर्णांक ५/६ मध्ये ३ × ६ = १८, अधिक ५, म्हणून २३/६. तसंच २ पूर्णांक ३/८ = १९/८. मग

२३/६ + १९/८ = ९२/२४ + ५७/२४ = १४९/२४

१४९ ला २४ ने भागलं की भागाकार ६, बाकी ५. उत्तर ६ पूर्णांक ५/२४, तेच.

या रीतीचा फायदा असा की हातचा वेगळा सांभाळावा लागत नाही. पण पूर्णांक मोठे झाले की ती जड जाते. ४७ पूर्णांक ५/६ + ३८ पूर्णांक ७/९ घ्या. अंशाधिक केलं तर २८७/६ + ३४९/९, मग ८६१/१८ + ६९८/१८ = १५५९/१८, आणि वर १८ ने भागाकार. वेगळं ठेवलं तर ४७ + ३८ = ८५, आणि १५/१८ + १४/१८ = २९/१८ = १ पूर्णांक ११/१८; उत्तर ८६ पूर्णांक ११/१८. बेरजेसाठी मी निःसंकोच पूर्णांक वेगळे ठेवायला सांगते. अंशाधिक करायची खरी गरज गुणाकार-भागाकारात पडते; तिथे पूर्णांक पूर्णांकांशी आणि अपूर्णांक अपूर्णांकांशी गुणून चालत नाही.

तीन संख्या असल्या तर

तिन्ही छेदांचा लसावि एकदमच काढा. १ पूर्णांक १/२ + २ पूर्णांक २/३ + ३ पूर्णांक ३/४ मध्ये पूर्णांक ६ आणि लसावि १२. अंश ६, ८ आणि ९, बेरीज २३. २३/१२ = १ पूर्णांक ११/१२. उत्तर ७ पूर्णांक ११/१२.

पण सुरुवात करण्याआधी जोड्या शोधा. १ पूर्णांक २/३ + २ पूर्णांक ४/५ + ३ पूर्णांक १/३ पाहिल्यावर पंधराकडे धावू नका. २/३ आणि १/३ मिळून एक पूर्ण झाला. १ + २ + ३ + १ = ७, आणि ४/५ तसाच. उत्तर ७ पूर्णांक ४/५.

एखाद्या संख्येत पूर्णांक किंवा अपूर्णांक नसेल तर तिथे शून्य आहे असं समजा. ४ + २ पूर्णांक ३/७ = ६ पूर्णांक ३/७, छेदाला हात लावायची गरजच नाही.

सरावासाठी पाच

आधी प्रत्येकाचा अंदाज लिहा, मग गणित करा, मगच खालची उत्तरं पाहा.

१) ३ पूर्णांक १/४ + २ पूर्णांक २/३
२) ६ पूर्णांक ७/१० + १ पूर्णांक ४/१५
३) ४ पूर्णांक ५/९ + ८ पूर्णांक ५/६
४) २ पूर्णांक ५/१२ + ७ पूर्णांक १/४
५) ५ पूर्णांक ९/१४ + ३ पूर्णांक ६/७ + १/२

उत्तरं: पहिल्याचं ५ पूर्णांक ११/१२. दुसऱ्याचं ७ पूर्णांक २९/३०. तुमचा छेद १५० आला असेल तर अंश १४५ आला असेल, दोघांना ५ ने भागा. तिसऱ्यात २५/१८ येतात, हातचा एक, उत्तर १३ पूर्णांक ७/१८. चौथ्यात ८/१२ ला ४ ने भाग लावायचा, ९ पूर्णांक २/३. पाचव्यात छेद १४ घेतला की अंश ९, १२ आणि ७, बेरीज २८. इथे हातचे दोन येतात आणि खाली काहीच उरत नाही. उत्तर १०.